नकाशा भरला, पण वाचला का?

साशंक : बाई, चौथीच्या मुलांना महाराष्ट्राचा रिकामा आराखडा दिला, तर वर्गातली बरीच मुलं जिल्हे, नद्या, शेजारची राज्यं ठीक भरतात. तरी तुम्ही म्हणता, या मुलांना नकाशा येत नाही. मला हे पुरतं पटत नाही. नावं आणि जागा माहीत असणं ही हलकी गोष्ट नाही. २०१७ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींसमोर भारताचा नकाशा ठेवला होता. आपलं राज्य कुठे आहे, हे त्यांच्यातल्या फक्त ४२ टक्के मुलांना दाखवता आलं. शाळेत आठ-आठ, दहा-दहा वर्षं काढलेली मुलंही त्यात होती. अशा वेळी आधी नावं आणि जागा पक्क्या करून घ्यायला नकोत का? मैदानावर फिरणं, पावलं मोजणं चांगलंच आहे. पण ज्या मुलाला आपलं राज्य सापडत नाही, त्याला मी आधी राज्य दाखवीन.

आग्रही : सर, हाच आकडा मी तुमच्यापुढे ठेवणार होते. ती मुलं नकाशे न भरता मोठी झालेली नाहीत. प्लास्टिकचा छाप वहीवर ठेवून कडा गिरवायची, फळ्यावरची नावं उतरवायची, समुद्राला निळा रंग द्यायचा, हे सगळं त्यांच्याकडून करून घेतलेलं आहे. तरी ते टिकलं नाही. का टिकलं नाही, हे कळायला जळगावकडच्या एखाद्या वर्गात जा आणि गिरणेबद्दल विचारा. गिरणा सह्याद्रीत उगम पावते, मालेगाव ओलांडून पुढे उत्तरेला वळते आणि तापीला मिळते. नकाशात ती खालून वर जाते. आराखड्यात गिरणा अचूक दाखवणाऱ्या मुलाला म्हणा, पाणी कुठून कुठे वाहतं ते बोटाने दाखव. पुष्कळ मुलं बोट तापीपासून खाली आणतात. पाणी चढ चढत नाही हे त्यांना ठाऊक असतं आणि कागदाची वरची बाजू म्हणजे उंच जागा, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. ज्या नदीच्या काठी मूल वाढलं, तिचीच दिशा ते उलटी सांगतं आणि उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुण असतात. आपण तपासलं काय, तर आकृती डोळ्यांसमोर राहिली आहे का, एवढंच. कागदावरची रेघ आणि जमिनीवरचं पाणी यांची सांगड त्याला घालता येते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

साशंक : गिरणेचं उदाहरण मला मान्य आहे. पण त्यावरून मी वेगळा निष्कर्ष काढतो. हे मूल अजून त्या वयाचं नाही. पियाजे आणि इनहेल्डर यांचं मुलांच्या अवकाशकल्पनेवरचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. त्यातला तीन डोंगरांचा प्रयोग तुम्हाला माहीत आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवायची आणि समोर बसलेल्या बाहुलीला ते डोंगर कसे दिसत असतील, असं मुलाला विचारायचं. सात-आठ वर्षांखालची मुलं बहुतेक वेळा स्वतःला दिसतं तेच बाहुलीलाही दिसतं, असं सांगत. नकाशा तर आकाशातून खाली बघणाऱ्याची नजर मागतो, जिथे कुणीही प्रत्यक्ष उभं नसतं. पुढे अमेरिकेत लिन लिबन आणि रॉजर डाउन्स यांनी लहान मुलांना रस्त्यांचे नकाशे दाखवले. नकाशात लाल रेघ असली की खरा रस्ताही लाल असणार, असं काही मुलांना वाटलं. एकाने तर ती रेघ रस्ता असूच शकत नाही, असं सांगितलं, कारण तिच्यावर दोन गाड्या मावणार नाहीत. आणि प्रमाणाचं काय? गुणोत्तर-प्रमाण मुलं गणितात वरच्या वर्गांत शिकतात. तिसरीच्या मुलाला एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर सांगणं म्हणजे अर्थ न कळता म्हणायला लावलेलं वाक्य. आपण घाई करतो आणि त्या घाईला कौशल्य म्हणतो.

आग्रही : पण ही सगळी समज एकाच दिवशी एकत्र येते, असं तुम्ही धरून चाललात. जुडी डिलोश यांनी १९८७ मध्ये केलेला एक प्रयोग बघा. खोलीची छोटी प्रतिकृती केली, तिच्यात छोटं खेळणं लपवलं आणि मोठं खेळणं खऱ्या खोलीत त्याच जागी असेल, असं मुलांना सांगितलं. अडीच वर्षांच्या मुलांना ते बहुधा सापडलं नाही. तीन वर्षांच्या मुलांना सापडलं. ही छोटी वस्तू त्या मोठ्या वस्तूच्या जागी आहे, ही समज तिसऱ्या वर्षी येते. जेम्स ब्लॉट यांनी १९७० च्या सुमारास शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांना विमानातून सरळ खाली घेतलेले फोटो दाखवले. त्या मुलांनी त्यातली घरं, रस्ते ओळखले. म्हणजे खूण कळणं, वरून बघणं, दिशा आणि प्रमाण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं वय वेगळं आहे. प्रमाण सर्वांत उशिरा येतं, हे तुमचं खरं. पण त्याची तयारी भागाकार यायच्या आधी करता येते. आपल्या खेड्यातल्या मुलाच्या घरात गुंठा रोज बोलला जातो. तेहतीस फुटांची दोरी घ्या, मैदानावर तेहतीस बाय तेहतीसचा चौकोन फक्कीने आखा. हा एक गुंठा. वर्गात आल्यावर चौकटीच्या कागदावर त्याचं एक घर करा. शाळेचं आवार किती घरांचं होतं, ते मुलं दोरी टाकून मोजतात आणि कागदावर तेवढी घरं रंगवतात. चाळीस घरं झाली की एकर. यात गुणोत्तराचा एकही शब्द आलेला नाही, पण मोठं लहान करताना सगळं सारखंच लहान करायचं असतं, हे त्यांच्या हाताला कळलेलं असतं. राहिली लाल रस्त्याची चूक. ती मला अडचण वाटत नाही. ती चूक त्या संशोधकांना दिसली, कारण त्यांनी विचारलं. आपल्या वर्गात ती असतेच, फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

साशंक : मैदानावर तुमचा इतका विश्वास आहे म्हणून विचारतो. मैदानही फसवतं. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. दोन्ही टोकांत पन्नास अंशांचा फरक. तुमच्या मुलांनी डिसेंबरच्या सकाळी काढलेली उत्तर आणि जूनच्या सकाळी काढलेली उत्तर जुळणार नाहीत. मध्यान्हीच्या सावलीवरून उत्तर काढाल, तर त्याहून मोठा घोटाळा होईल. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबई-पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. आपली शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि दिशांचा पाठ सुरुवातीलाच येतो. ज्या महिन्यात काठीची सावली उलटी पडते, नेमक्या त्याच महिन्यात तुम्ही मुलांना काठी रोवायला लावणार. कागदावर निदान उत्तर दिशा जागची हलत नाही.

आग्रही : म्हणूनच हा एका तासाचा पाठ होऊ शकत नाही. मी तर म्हणते, काठी जूनमध्येच रोवावी, पावसाने उघडीप दिली की सावली आखावी आणि सप्टेंबरात, डिसेंबरात, मार्चमध्ये पुन्हा आखावी. सूर्य एकाच जागी उगवत नाही, हे चौथीच्या मुलाने स्वतःच्या खुणांवरून सांगितलं, तर पूर्व म्हणजे नेमकं काय, असं विचारायचं कारण त्याला पहिल्यांदाच मिळतं. तोवर होकायंत्र वापरा. ते न मिळालं तर रात्री ध्रुवतारा दाखवायला घरच्यांना सांगा. आणि कागदावरची उत्तर हलत नाही म्हणता, तर ती गोष्टही तितकी सुखाची नाही. नकाशा भिंतीला टांगलेला असतो, म्हणून मुलाच्या लेखी उत्तर दिशा छताकडे असते. गिरणेचं पाणी उलटं वाहतं, त्याचं मूळ त्या खिळ्यात आहे. माझी सर्वांत स्वस्त सूचना हीच, की नकाशा भिंतीवरून काढा, जमिनीवर पसरा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करून मुलांना त्याच्याभोवती बसवा. काही मुलांना तो उलटा दिसेल. दिसू दे. त्यांना उलट्या बाजूनेही नाशिक शोधता आलं पाहिजे.

साशंक : शिकवण्याबद्दल आपल्यात फार अंतर उरलेलं नाही. मला खरी धास्ती मूल्यमापनाची आहे. शिक्षणहक्काचा कायदा आला आणि २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. आकारिक आणि संकलित अशा दोन वाटा झाल्या, निरीक्षणांच्या नोंदी आल्या. हेतू उत्तम होता. पण दोन शिक्षकी शाळेत एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग असतात. त्यावर निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती. मग सत्र संपताना नोंदवहीत एका बैठकीत सगळ्या नोंदी उतरतात. ‘नकाशावाचनात रस घेतो’ हे वाक्य पटावरच्या अर्ध्या मुलांपुढे असतं. शहरात पन्नास मुलांच्या वर्गाला मैदानच नसतं. तुम्ही म्हणता ती चाचणी मैदानावर घ्यायची, एकेका मुलाला विचारायचं, तो काय करतो ते बघायचं. वेळ कुठून आणायचा? शिवाय मुलं एकमेकांच्या मागे जातात, पुढचा जिथे थांबला तिथे मागचाही थांबतो. आणि गुण द्यायचे कसे, हे शेवटी शिक्षकाच्या मनावर राहणार. रिकामा आराखडा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. तपासणारा बदलला तरी गुण बदलत नाहीत. गरिबाच्या मुलाला हा आधार मोठा असतो, बाई.

आग्रही : त्यावर उपाय सुचवणारा एक प्रयोग आहे. किम कॅस्टन्स आणि लिन लिबन यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. चौथीच्या वयाच्या मुलांना उघड्या आवारात सोडलं. ठिकठिकाणी झेंडे रोवलेले होते. हातातल्या नकाशावर प्रत्येक झेंड्याच्या जागी मुलांनी टिकली चिकटवायची होती. काही मुलांना एक जास्तीचं काम होतं. टिकली इथेच का लावली, कशावरून कळलं, हे लिहायचं. कारण लिहिणाऱ्या मुलांच्या टिकल्या जास्त अचूक निघाल्या. परीक्षा घेता घेताच शिकणं झालं. आपल्या शाळेत हेच हापसा, कडुनिंब, झेंड्याचा खांब, पाण्याची टाकी यांच्या आधाराने करता येतं. एका दिवशी पाच-सहा मुलांचा गट, बाकीचे वर्गात स्वाध्याय करतात. आठवड्या-दोन आठवड्यांत वर्ग संपतो. मागच्याने पुढच्याची टिकली बघितली, तरी कारण त्याला स्वतःच शोधावं लागतं. हवं तर दोघांच्या कागदांची वरची बाजू वेगवेगळी ठेवा.

आणि एकाच मापाचं म्हणाल, तर बीडच्या ऊसतोड कामगाराची मुलगी डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास ती आईबापांबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे जाते, उन्हाळ्यात परत येते. ती निम्मा महाराष्ट्र ओलांडून आलेली असते. कुठला घाट लागला, कुठे नदी ओलांडली, कुठल्या कारखान्याच्या धुराड्यावरून आपला तळ ओळखायचा, हे तिला तोंडपाठ असतं. तुमच्या आराखड्यात तिला भोपळा मिळतो आणि गाव न सोडलेल्या मुलाला दहापैकी नऊ.

साशंक : त्या मुलीबद्दल मलाही तुमच्याइतकीच कळकळ आहे, म्हणून तिच्या ज्ञानाला मी भलतं नाव देणार नाही. तिला वाट माहीत आहे. एकामागून एक येणाऱ्या खुणांची माळ तिच्या मनात आहे. नकाशा त्याहून वेगळा असतो. बीडहून कोल्हापूरला जाणारी वाट आणि बीडहून पुण्याला जाणारी वाट एकमेकींशी कोणता कोन करतात, मधला प्रदेश कसा आहे, तिसऱ्या वाटेने जाता येईल का, हे तिला माळेतून सांगता येत नाही. ते नकाशा सांगतो आणि तेवढ्यासाठीच शाळेची गरज आहे. तिला सगळं येतंच, असं आपण म्हटलं, तर शिकवण्याची जबाबदारी आपल्या अंगावरून झटकून टाकली.

आणि तुमच्या टिकल्यांच्या चाचणीत मला एक मोठं भोक दिसतं. कारण लिहायचं म्हणजे भाषा आली. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीच्या माडिया बोलणाऱ्या मुलाने टिकली अचूक लावली, पण प्रमाण मराठीत कारण त्याला लिहिता आलं नाही, तर त्याचं काय करणार? आधी तुम्ही म्हणालात, आराखडा फक्त स्मरणशक्ती तपासतो. तुमची चाचणी मग वाक्चातुर्य तपासेल. रानात कधीही न चुकणारा मुलगा तिच्यात मागे पडेल आणि शहरातली चुणचुणीत मुलगी पुढे जाईल.

आग्रही : वाटेबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करते. ऊसतोडीच्या मुलीला येतं ते नकाशाच्या उंबरठ्यापर्यंतचं. पण तिला जे येतं तिथूनच पुढे जाता येईल, एवढं तरी आपल्याला दिसलं पाहिजे आणि भोपळ्यातून ते दिसत नाही. तिला मी असं विचारीन, की नेहमीचा पूल पाण्याखाली गेला, तर तळावरून कारखान्यावर कशी जाशील? आजवर न चाललेल्या वाटेबद्दल तिने नकाशा बघून उत्तर दिलं, तर नकाशा आला. तिसरी-चौथीच्या कुठल्याही मुलासाठी मला हीच कसोटी योग्य वाटते. ज्या ओढ्याला पावसाळ्यात पाणी येतं, त्याच्या पलीकडच्या वस्तीवरून शाळेला यायचं झालं तर कुठून? हा प्रश्न मुलांच्या रोजच्या जगण्यातला आहे आणि घोकून त्याचं उत्तर देता येत नाही.

भाषेची अडचण खरी आहे. पण एनसीईआरटीने २०१७ मध्ये अध्ययन निष्पत्ती ठरवल्या, त्यात तिसरीसाठी काय म्हटलंय बघा. घर, वर्ग, शाळा यांच्या साध्या नकाशात दिशा आणि जागा ओळखायच्या, त्याही खुणांनी किंवा तोंडी. लेखी उत्तराचा हट्ट त्यात नाही. माडिया मूल बोटाने दाखवेल, चालून दाखवेल, आपल्या बोलीत शेजारच्या मुलाला सांगेल. शिक्षकाला ती बोली थोडीफार यायला हवी, हे मागणं मात्र मी सोडणार नाही. आपल्याकडे तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळं निघालं. भूगोल जवळून सुरू करायचा, हे आपण राज्य म्हणून एकदा मान्य केलं आहे. मग परीक्षाही जवळून सुरू व्हायला काय हरकत आहे?

साशंक : पालक तर म्हणतील, मोबाईल वाट दाखवतो, हे सगळं कशाला? मी तसं म्हणणार नाही, पण उत्तर तयार ठेवा.

आग्रही : मोबाईलमधला नकाशा चालणाऱ्याबरोबर स्वतःच वळतो. मुलाला नकाशा वळवावा लागत नाही, की स्वतः वळावं लागत नाही. त्यावरचा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो, इतर सगळं कुठे आहे हे मनात उतरू देत नाही. पालकांना मात्र मी यातलं काही सांगत बसणार नाही. मी त्यांना जमिनीचं सांगीन. गावनकाशा, गट नंबर, मोजणीच्या खुणा, बांधावरून चालणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे. शहरात १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात आणि आपल्या घरावर रस्त्याची रेघ आलीय हे माणसाला कळतं तेव्हा हरकतीची मुदत उलटलेली असते. तो नकाशा कार्यालयात सगळ्यांसाठी लावलेला असतो. वाचता येतो तो मोजक्यांना. दुसऱ्याला नकाशा वाचायला लावून आपली जमीन राखावी लागणं हे परावलंबन आहे आणि ते तोडायची सुरुवात प्राथमिक शाळेत व्हायला हवी. म्हणूनच ‘मुलं आराखडा ठीक भरतात’ हे मला पुरेसं वाटत नाही.

साशंक : इथे मी तुमच्याबरोबर आहे. पण विकास आराखडा वाचणाऱ्याला गल्लीचं, पेठेचं, नाल्याचं नाव माहीत असावं लागतं. नावांशिवाय नकाशावर दोन माणसांचं बोलणंच होत नाही. म्हणून छत्तीस जिल्हे मी सोडणार नाही. मैदानावरची चाचणी सत्रातून एकदा घ्यायला माझी ना नाही. आता मला एवढंच सांगा. दोन मुलं आहेत. एकाने टिकली चुकीच्या जागी लावली, पण म्हणाला, ‘हापसा माझ्या डाव्या हाताला आहे आणि भिंत मागे आहे, म्हणून इथे.’ विचार सगळा बरोबर, फक्त कागद उलटा धरलेला. दुसऱ्याने टिकली अचूक लावली आणि का विचारल्यावर खांदे उडवले. प्रगतिपुस्तकात एकच रकाना आहे. श्रेणी कुणाला कोणती?

आग्रही : पहिल्याचं काय बिघडलं ते मला दिसतं आणि उद्या पाच मिनिटांत ते दुरुस्त करता येतं. दुसऱ्याला येतं की लागलं, हे मला माहीत नाही. मी त्याला दुसऱ्या जागी उभं करीन, तिसऱ्या जागी करीन. सगळीकडे टिकली बरोबर पडली, तर कारण न सांगताही त्याला येतं, असं मी लिहीन. पण दोघांसाठी एकच अक्षर मला देता येणार नाही. जागा आणि कारण यांची नोंद मी वेगवेगळी करीन आणि त्यांची बेरीज करणार नाही.

साशंक : बेरीज तुम्ही केली नाही, तर वरचं कार्यालय करील. तेव्हा माझी एक अट ऐका. अशा वीस मुलांचे कागद नावं झाकून पाच शिक्षकांना द्या. शाळा वेगळ्या, तालुके वेगळे. पाचही जणांचा निर्णय बहुतेक मुलांबाबत जुळला, तर मी तुमच्या चाचणीला गुण जोडायला तयार आहे. नाही जुळला, तर ती शिकवण्याची रीत म्हणून ठेवा, निकालात आणू नका.

आग्रही : कबूल, पण त्या पाचही शिक्षकांनी आधी तो कागद हातात घेऊन त्याच आवारात उभं राहायचं. टेबलाशी बसून टिकली तपासायची नाही. हापसा कुठल्या बाजूला आहे हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला पहिल्या मुलाची चूक चूकच दिसेल.

साशंक : म्हणजे पाच शिक्षक, एक दिवस, रजेचा नाही तर कर्तव्यावरचा. ही परवानगी मागायला केंद्राच्या बैठकीत तुम्ही उभ्या राहा, अनुमोदन मी देतो. पण जुळलं नाही तर काय करायचं, हेही त्याच कागदावर आधी लिहून ठेवू. नंतर दोघांनाही फिरता येणार नाही.